शर्करा-अल्कोहॉले आणि रक्तातील साखर

दक्षिण दिल्लीत अरविंद मार्गाच्या कडेला लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीच्या एका अंगास १९९४ साली सुरू झालेले दिल्ली हाट आहे, तर समोरच्या बाजूस आय. एन. ए. मार्केट आहे, जेथे देशी भाजीपाल्याबरोबर परदेशी डबे, पाकिटे आणि बाटल्या सहज मिळतात. दक्षिणेस थोड्याच अंतरावर सफदरजंग रुग्णालय, १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि तिच्या शेजारी अन्सारी नगरात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे मुख्यालय आहे. देशातील मधुमेहाची सर्वांत विस्तृत पाहणी याच परिषदेने मद्रासच्या मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाच्या सहकार्याने केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष प्रौढ मधुमेही होते, आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते.

तेव्हा लक्ष्मीबाई नगरासारख्या वसाहतीत एका बाजूस मधुमेहाची मोजदाद करणारी संस्था आणि दुसऱ्या बाजूस मधुमेहींना उद्देशून रंगीत वेष्टनांत मांडलेली मिठाई, अशी स्थिती असणे स्वाभाविक आहे. दिवाळीच्या सुमारास ‘शुगर फ्री’ असे छापलेली चॉकलेटे, बिस्किटे, काजूकतली आणि लाडू यांची पाकिटे घराघरांत येतात. ज्या वडीलधाऱ्या माणसाला वर्षभर चहासुद्धा बिनसाखरेचा दिला जातो, त्याच्यापुढे ती निःशंकपणे ठेवली जातात. पाकीट उलटून पाहिले तर बारीक अक्षरांत माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, आयसोमाल्ट, झायलिटॉल किंवा एरिथ्रिटॉल यांपैकी एखादे नाव सापडते. ही सर्व नावे एकाच रासायनिक कुळातील आहेत. या कुळाला शर्करा-अल्कोहॉले अथवा पॉलिऑल असे म्हणतात. परंतु एका कुळातील म्हणून त्यांचे रक्तावरील परिणामही एकसारखे असतील, असे समजणे चुकीचे आहे. या प्रकरणाचा मुख्य विषय हा फरक आहे.

प्रथम नावाविषयी. ‘अल्कोहॉल’ हा शब्द वाचून अनेक घरांतून असे पदार्थ बाजूला सारले जातात, विशेषतः उपवासाच्या किंवा प्रसादाच्या वेळी. रसायनशास्त्रात ज्या सेंद्रिय रेणूमध्ये कार्बनाच्या अणूला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, जोडलेला असतो, त्यास अल्कोहॉल म्हणतात. मद्यातील एथिल अल्कोहॉल हा त्यांपैकी केवळ एक रेणू होय. ग्लिसरीन हेही अल्कोहॉलच आहे, पण त्यामुळे कोणास नशा चढल्याचे ऐकिवात नाही. शर्करा-अल्कोहॉलांत मद्यार्क नसतो आणि शरीरात त्यांच्यापासून मद्यार्क तयार होऊन झिंग येत नाही.

त्यांची घडण समजण्यास ग्लुकोजपासून आरंभ करणे सोयीचे. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन अणूंची साखळी असून तिच्या एका टोकास अल्डिहाइड नावाचा क्रियाशील गट असतो. निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात, दाबाखाली हायड्रोजन वायू सोडला असता या गटात हायड्रोजनाची भर पडते व त्याचा हायड्रॉक्सिल गट होतो. ग्लुकोजचे सॉर्बिटॉल बनले. एवढाच काय तो बदल. मक्याच्या पिठुळापासून म्हणजे स्टार्चपासून ग्लुकोजचा पाक करावयाचा आणि त्यावर ही क्रिया करावयाची, असा कारखान्यांतील क्रम आहे. माल्टोज या शर्करेपासून याच रीतीने माल्टिटॉल, दुधातील लॅक्टोजपासून लॅक्टिटॉल आणि उसाच्या साखरेपासून दोन टप्प्यांनी आयसोमाल्ट मिळते. झायलिटॉलसाठी प्रथम झायलोज ही पाच कार्बनांची शर्करा लागते. ती फिनलंडमध्ये बर्च झाडाच्या लाकडापासून काढीत असत, आता ती बहुतांशी दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांपासून काढतात. उसाच्या चिपाडातही झायलोज देणारा झायलान हा घटक भरपूर असतो. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत साखर निघाल्यावर ही चिपाडे बाष्पकात जाळली जातात, म्हणजे साखरेच्या जोडीला साखरेचा पर्यायही त्याच उसात दडलेला असतो. एरिथ्रिटॉल मात्र हायड्रोजनाच्या साह्याने नव्हे, तर ग्लुकोजवर यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांची क्रिया घडवून, किण्वनाने तयार करतात.

हे पदार्थ मानवाने प्रयोगशाळेतच निर्माण केले असा समज होऊ नये. सॉर्बिटॉल १८७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी रोवन नावाच्या झाडाच्या फळांतून वेगळे केले, आणि त्या झाडाच्या ‘सॉर्बस’ या शास्त्रीय नावावरून त्याचे नामकरण झाले. सफरचंद, नासपती, आलुबुखार या फळांत ते असतेच. मॅनिटॉल अळंबीत व समुद्रशैवालांत आढळते. गोड्या मसाल्यातील दगडफूल ज्या वनस्पतिवर्गात मोडते, त्या शैवाक वर्गाच्या अभ्यासातून स्कॉटिश रसायनज्ञ जॉन स्टेनहाउस यांना १८४८ मध्ये एरिथ्रिटॉल सापडले. तथापि, फळातून दोन-चार ग्रॅम पोटात जाणे निराळे आणि एका बैठकीत मिठाईतून तीस ग्रॅम जाणे निराळे.

अल्डिहाइड गट गेल्यामुळे काही गुणधर्म बदलतात व ते स्वयंपाक करणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. साखर घातलेले पीठ भाजताना जो खरपूस तांबूस रंग येतो, तो या पदार्थांनी येत नाही. झायलिटॉल व एरिथ्रिटॉल जिभेवर विरघळताना उष्णता शोषून घेतात, म्हणून तोंडात पेपरमिंटसारखा गारवा जाणवतो. लाडवात तो अस्थानी वाटतो. गोडीही सर्वांची सारखी नाही. उसाच्या साखरेची गोडी १०० धरल्यास झायलिटॉलची जवळजवळ तेवढीच, माल्टिटॉलची सुमारे ९०, एरिथ्रिटॉलची ७० च्या आसपास, सॉर्बिटॉलची ६० आणि आयसोमाल्ट व लॅक्टिटॉल यांची त्याहूनही कमी भरते. माल्टिटॉलची चव व पोत साखरेच्या सर्वांत जवळ जाणारे असल्यामुळे मिठाईवाले आणि चॉकलेट करणारे त्यालाच पसंती देतात. दुर्दैवाने मधुमेहीच्या दृष्टीने या कुळात सर्वांत सावधपणे वागावे असे द्रव्यही तेच आहे.

आतड्यातील वाटचाल

निरोगी माणसाच्या सर्व रक्तात मिळून कोणत्याही क्षणी जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढेच ग्लुकोज असते. एक कप गोड चहातून याच्या दुपटीहून अधिक साखर पोटात जाते. तरीही रक्तातील पातळी फारशी हलत नाही, कारण स्वादुपिंडातून वेळेवर इन्शुलीन स्रवते व ग्लुकोज स्नायू, मेद आणि यकृत यांच्याकडे वळवले जाते. मधुमेहात ही व्यवस्था अपुरी पडते. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटर रक्तात १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक ग्लुकोज आढळणे हे मधुमेहाचे लक्षण मानतात. म्हणून कोणत्याही गोड पदार्थाबद्दल विचारावयाचा प्रश्न असा की, त्यातून किती ग्लुकोज रक्तात उतरते आणि किती वेगाने.

उसाच्या साखरेचे उत्तर सरळ आहे. लहान आतड्याच्या अस्तरातील एंझाइम तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. ग्लुकोजला पेशीच्या आत ओढून नेणारी खास वाहक प्रथिने तयारच असतात. अर्ध्या-पाऊण तासात रक्तशर्करा शिखर गाठते. गुळाचीही हीच गत आहे, कारण गूळ म्हणजे मुख्यत्वे तीच साखर. गूळ मधुमेहीला चालतो, ही समजूत महाराष्ट्रात इतकी खोलवर रुजली आहे की तिचा येथे उल्लेख करणे भाग आहे.

सॉर्बिटॉलसाठी ग्लुकोजसारखा वाहक नाही. ते आतड्याच्या भिंतीतून हळूहळू, आपापतः झिरपते व त्याचा बराचसा भाग न शोषता पुढे मोठ्या आतड्यात जातो. जेवढे शोषले जाते, तेवढे यकृतात पोहोचते आणि तेथे त्याचे फ्रुक्टोज होते. या पहिल्या पायरीला इन्शुलीनची गरज नसते. पुढे त्या फ्रुक्टोजपैकी काहीचे ग्लुकोज बनते, परंतु ते सावकाश बनत असल्यामुळे रक्तात मोठी उसळी येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात मधुमेहींसाठी सॉर्बिटॉलचा वापर सुरू झाला तो याच गुणामुळे.

माल्टिटॉलची कथा निराळी. त्याचा रेणू दोन भागांचा बनलेला असतो: एक भाग ग्लुकोजचा, दुसरा सॉर्बिटॉलचा. आतड्यातील एंझाइमे हा जोड साखरेपेक्षा मंद गतीने का होईना, पण तोडतात, आणि तुटलेला ग्लुकोजचा अर्धा हिस्सा इतर कोणत्याही ग्लुकोजप्रमाणे रक्तात जातो. साखर नाही असे वेष्टनावर वाचून खाल्लेल्या पदार्थातून अस्सल ग्लुकोज मिळते, ते या मार्गाने.

या फरकाला आकड्यांत बसविण्याची रीत १९८१ साली टोरोंटो येथे डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिली. इन्शुलीनचा शोध याच नगरात १९२१ साली लागला होता. ठरावीक वजनाच्या कार्बोहायड्रेटाने दोन तासांत रक्तशर्करा किती वाढते हे मोजून, शुद्ध ग्लुकोजची वाढ १०० धरून तुलना करावयाची. या आकड्याला ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. साखरेचा निर्देशांक ६५ च्या आसपास येतो. माल्टिटॉलचा सुमारे ३५ आणि त्याच्या पाकाचा ५० च्या वर. झायलिटॉलचा १० च्या आगेमागे, सॉर्बिटॉल व आयसोमाल्ट यांचा १० च्या आत, मॅनिटॉल व एरिथ्रिटॉल यांचा जवळजवळ शून्य. एकाच ‘पॉलिऑल’ या शब्दाखाली शून्यापासून पन्नासपर्यंतची द्रव्ये नांदतात, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पाकिटाच्या मागील बाजूचे नाव वाचणे का अगत्याचे आहे ते कळते.

एरिथ्रिटॉलचा रेणू चार कार्बनांचा, म्हणजे कुळात सर्वांत लहान. तो आतड्यातून सुमारे नव्वद टक्के शोषला जातो. परंतु शरीराला त्याचा इंधन म्हणून उपयोग करता येत नाही आणि बहुतेक सर्व भाग मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणूनच त्याचे उष्मांक दर ग्रॅमला ०.२ इतके नगण्य धरतात. साखरेचे ४ असतात, सॉर्बिटॉलचे २.६, झायलिटॉलचे २.४, माल्टिटॉलचे २.१. मॅनिटॉलही शरीरात फारसे जळत नाही. याचा लाभ वैद्यकाने निराळ्याच कामासाठी घेतला आहे: डोक्याला मार लागून मेंदूस सूज आलेल्या रुग्णाच्या शिरेतून मॅनिटॉलचा द्राव देतात. तो रक्तात राहून मेंदूतील पाणी खेचून घेतो व मूत्रावाटे निघून जातो.

माणसाच्या इन्शुलीनवर झायलिटॉलचा परिणाम अल्पसा असतो, कुत्र्याच्या बाबतीत मात्र तेच द्रव्य इन्शुलीनचा अकस्मात लोंढा सोडते आणि थोड्याशा मात्रेतही रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. यकृतासही इजा होऊ शकते. वसाहतीतील कुत्र्यांना उरलीसुरली मिठाई वा च्युइंग गम घालणाऱ्यांनी ही गोष्ट जाणून असावे.

लाडवाचा हिशेब

सिद्धान्त बाजूला ठेवून एका लाडवाचा हिशेब मांडू. उदाहरणादाखल बेसनाच्या एका लाडवात १५ ग्रॅम बेसन, १० ग्रॅम तूप व १५ ग्रॅम साखर आहे असे धरावे. बेसनातून सुमारे ५५ उष्मांक मिळतात, तुपातून ९० आणि साखरेतून ६०, एकूण २०५ च्या जवळपास. आता साखरेच्या जागी तितकेच माल्टिटॉल घातले तर साखरेच्या साठाऐवजी सुमारे ३० उष्मांक होतील आणि एकूण १७५. बचत तीस उष्मांकांची, म्हणजे सातव्या हिश्श्याची. तुपाला आणि बेसनाला या अदलाबदलीने धक्काही लागलेला नाही.

रक्तशर्करेचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. बेसनात सुमारे ९ ग्रॅम पचणारे कार्बोहायड्रेट असते. साध्या लाडवातील साखर धरून ते २४ ग्रॅम होते. मधुमेहींच्या आहाराची आखणी करताना आहारतज्ज्ञ सामान्यतः शर्करा-अल्कोहॉलांचे अर्धे वजन कार्बोहायड्रेट म्हणून मोजतात. त्याप्रमाणे माल्टिटॉलच्या लाडवाचे साडेसोळा ग्रॅम भरते. लाभ आहे, नाही असे नाही. पण घरात जे घडते ते असे की, साखर नाही म्हटल्यावर एकाऐवजी दोन लाडू खाल्ले जातात. दोहोंचे मिळून ३३ ग्रॅम कार्बोहायड्रेट व ३५० उष्मांक झाले. एका साध्या लाडवापेक्षा रक्तावर आणि वजनावर भार अधिक पडला, आणि तो पथ्य पाळल्याच्या समाधानात पडला. पेढे-बर्फीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. खव्याच्या वजनाचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा दुग्धशर्करेचा असतो. वरून साखर घातली नाही म्हणून तो नाहीसा होत नाही.

एरिथ्रिटॉल हे अर्ध्याच्या नियमाला अपवाद आहे, ते कार्बोहायड्रेटाच्या हिशेबातून पूर्णपणे वगळावयाचे असते. जेवणातील कार्बोहायड्रेट मोजून इन्शुलीनची मात्रा ठरविणाऱ्या रुग्णाला हा बारकावा फार महत्त्वाचा आहे. त्याने वेष्टनावरील एकूण कार्बोहायड्रेटाचा आकडा तसाच धरून इन्शुलीन घेतले, आणि त्यातील बहुतांश एरिथ्रिटॉल निघाले, तर घेतलेल्या इन्शुलीनला काम करण्यास ग्लुकोजच मिळत नाही व रक्तशर्करा घसरते.

वेष्टनावरील शब्द

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार ज्या पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये वा १०० मिलिलिटरमध्ये ०.५ ग्रॅमहून अधिक शर्करा नसतात, त्यालाच शर्करामुक्त असा दावा करता येतो. येथे ‘शर्करा’ या शब्दाचा अर्थ काटेकोर आहे: ग्लुकोज, फ्रुक्टोज, उसाची साखर, लॅक्टोज अशा एक किंवा दोन घटकांच्या शर्करा. शर्करा-अल्कोहॉले व्याख्येने त्यांत येत नाहीत, पिठुळही येत नाही. म्हणजे मैदा व माल्टिटॉल यांचे बिस्कीट कायद्याने शर्करामुक्त ठरू शकते, आणि खाल्ल्यानंतर रक्तातील शर्करा निश्चितपणे वाढवू शकते. या दोन विधानांत विरोध नाही. पहिले पाकिटातील द्रव्याविषयी आहे, दुसरे ते खाणाऱ्याच्या शरीराविषयी. ‘साखर घातलेली नाही’ हा दावा तर याहूनही सैल आहे, कारण पदार्थात मुळातच असलेल्या फळाच्या वा दुधाच्या शर्करेबद्दल तो काहीच सांगत नाही.

जर्मनीत मधुमेहींसाठी म्हणून खास बिस्किटे, चॉकलेटे व मुरंबे विकण्याची प्रथा अनेक दशके होती. फ्रुक्टोज वा सॉर्बिटॉल घातलेल्या या पदार्थांत मेद व उष्मांक पुष्कळदा साध्या पदार्थांइतकेच असत. मधुमेहीला निराळ्या मिठाईची नव्हे, तर सर्वांनाच हितकर अशा आहाराची गरज आहे, असे तज्ज्ञांचे मत झाल्यावर २०१० मध्ये तेथील नियम बदलण्यात आले आणि २०१२ पर्यंतची मुदत देऊन ही वेगळी वर्गवारी रद्द झाली. भारतातील दुकानांत मात्र मधुमेहींसाठीचा कप्पा वाढतोच आहे.

पॉलिऑल घातलेल्या पाकिटांवर त्यांचा परिणाम रेचक असू शकतो, अशी सूचना भारतीय नियमांनी आवश्यक केली आहे. तिचे कारण मागे आलेच आहे. न शोषलेले रेणू मोठ्या आतड्यात जातात व तर्षणाने पाणी ओढून घेतात, तेथील जीवाणू त्यांचे किण्वन करून वायू तयार करतात. पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. सॉर्बिटॉलच्या वीस ग्रॅमांनी पुष्कळ प्रौढांना हा त्रास होतो, काहींना दहानेही होतो. माल्टिटॉल किंचित अधिक सोसते, आणि एरिथ्रिटॉल आधीच शोषले जात असल्यामुळे सर्वांत कमी उपद्रव देते. वर मोजलेल्या दोन लाडवांत ३० ग्रॅम माल्टिटॉल होते, हे येथे आठवावे. लहान मुलांचे वजन कमी असल्याने त्यांना याहून थोड्या मात्रेने जुलाब होतात. खोकल्याच्या अनेक द्रव औषधांतही सॉर्बिटॉल असते. अकारण पोट बिघडलेल्या वृद्धाच्या औषधांची यादी तपासताना हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्यांना जन्मतः फ्रुक्टोज सोसत नाही, अशा विरळ आनुवंशिक विकाराच्या रुग्णांनी सॉर्बिटॉल व माल्टिटॉल टाळलेच पाहिजे, कारण यकृतात त्यांचे फ्रुक्टोजच होते.

एक गैरसमज मधुमेहाविषयी थोडेफार वाचलेल्यांत आढळतो. मधुमेहीच्या नेत्रमण्यात सॉर्बिटॉल साचून मोतीबिंदू होतो, असे त्यांनी वाचलेले असते, आणि म्हणून सॉर्बिटॉल खाल्ल्याने डोळे जातील अशी भीती त्यांना वाटते. पहिला भाग शास्त्राला धरून आहे. रक्तात ग्लुकोज फार वाढले की ते नेत्रमण्याच्या पेशींत शिरते व तेथील एका एंझाइममुळे त्याचे सॉर्बिटॉल बनते. ते पेशीच्या आवरणातून सहजी बाहेर पडत नाही. पण नेमक्या याच कारणाने तोंडावाटे घेतलेले सॉर्बिटॉल नेत्रमण्यात शिरत नाही. ते यकृतातच संपते. डोळ्याला अपाय होतो तो चढ्या ग्लुकोजमुळे.

दुसरी शंका अलीकडची असून ती अशी एका वाक्यात फेटाळता येत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे दाखविले की, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल अधिक होते त्यांना पुढील तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण अधिक होते. २०२४ मध्ये झायलिटॉलविषयीही त्यांनी तसेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल प्यायल्यानंतर निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील बिंबाणू अधिक चिकट झाल्याचेही आढळले. दुसऱ्या पारड्यात हे की, मनुष्यशरीर ग्लुकोजपासून स्वतःही थोडे एरिथ्रिटॉल तयार करते, आणि ज्याचे चयापचय बिघडले आहे त्याच्यात ते अधिक बनते. मग वाढलेली पातळी ही रोगाचे कारण की रोगाची खूण, हे अशा पाहणीवरून सांगता येत नाही. जोपर्यंत दीर्घकालीन प्रयोग झालेले नाहीत तोपर्यंत, विशेषतः हृदयविकार असलेल्या मधुमेहीने, चमच्या-चमच्याने रोज एरिथ्रिटॉल घेण्याची सवय न लावणे शहाणपणाचे. सणाच्या दिवशी खाल्लेल्या एखाद्या वडीने चिंतित होण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कृत्रिम गोडव्यांविरुद्ध दिलेला सल्ला पुष्कळदा या संदर्भात पुढे केला जातो. तो शर्करा-अल्कोहॉलांना लागू नाही आणि आधीच मधुमेह असलेल्यांसाठीही नाही, असे त्या सल्ल्यातच नमूद आहे.

आतापर्यंत रक्तशर्करा वाढण्याचा विचार झाला. ती घटण्याच्या प्रसंगी याच पदार्थांविषयीचा घोटाळा जिवावर बेतू शकतो. इन्शुलीन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीने जेवण चुकविले, अथवा नेहमीपेक्षा अधिक श्रम केले, तर रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, भुकेने कासावीस होणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही त्याची लक्षणे. वेळीच ग्लुकोज मिळाले नाही तर शुद्ध हरपते. अशा वेळी काहीतरी गोड द्यावे हे आता बहुतेक घरांत माहीत असते. पण मधुमेह्याच्या घरात हाताशी जी गोळी, जे चॉकलेट वा जी वडी असते, ती पुष्कळदा शर्करामुक्त असते. जिभेला ती गोड लागते, रुग्ण आणि घरचे दोघेही निश्चिंत होतात, आणि रक्तात मात्र पुरेसे ग्लुकोज वेळेवर पोहोचत नाही. जो गुण इतर वेळी उपकारक, तोच या पंधरा मिनिटांत घातक ठरतो.

अशा प्रसंगी १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा साखरेचे तीन सपाट चमचे पाण्यात विरघळवून, तत्काळ द्यावे. पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे व पातळी चढली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. बरे वाटल्यावर पोळी, भात किंवा दुधाबरोबर काही खावयास द्यावे. साध्या साखरेचे चॉकलेटही प्रथमोपचार म्हणून तितकेसे चांगले नाही, कारण त्यातील मेद साखरेचे शोषण लांबवितो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

ॲकार्बोज अथवा व्होग्लिबोज या गोळ्या इन्शुलीनच्या किंवा ग्लिमेपिराइडच्या जोडीने घेणाऱ्यांची स्थिती आणखी थोडी वेगळी आहे. ही औषधे आतड्यातील शर्करा तोडणाऱ्या एंझाइमांनाच अडवितात, त्यामुळे पोटातील वायूचा त्रास मुळातच वाढलेला असतो व शर्करा-अल्कोहॉले त्यात भर घालतात. त्यांची रक्तशर्करा घसरली असता उसाची साखरही लवकर तुटत नाही आणि तिचा गुण उशिरा येतो. अशा माणसाच्या घरी व त्याच्या खिशात ग्लुकोजची पूड किंवा गोळ्या निराळ्या ठेवाव्या लागतात, आणि शेजारच्या शर्करामुक्त गोळ्यांपासून त्या ओळखता येतील अशा डबीत ठेवाव्या लागतात.